गाण्याच्या बाईंचा खोकला

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा उलटला. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी निमित्त काढून उठते. आज मात्र दार लावून बसले आहे.

आधी तुझ्या लेकीची खबर. भोंगा मजेत आहे. शाळेसाठी माझ्याकडे आल्यापासून उंची एवढी वाढली आहे की तू शिवलेल्या तिन्ही फ्रॉकच्या दुमडी उसवल्या, तरी गुडघे बाहेरच. वृंदात मी तिला वरच्या आवाजातून काढून खालच्या आवाजात टाकलं, म्हणून दोन दिवस माझ्याशी अबोला होता. काय करू? ती गायला लागली की बाकीची पोरं नुसती तोंडं हलवतात. जन्मली तेव्हा दवाखान्याचा भोंगा वाजला असं वाटून रखवालदार धावत आला होता, हे तू सांगतेस ते अगदी खरं असणार. कार्यक्रम सोळा फेब्रुवारीला नगरसभागृहात आहे. पियानोवाले आजोबा अजूनही दुसऱ्या गाण्यात डुलकी काढतात, पण बोटं चुकत नाहीत. सगळ्यात लहान पोरगा, ज्याला आम्ही वाटाणा म्हणतो, त्याला गोगलगायीच्या गाण्यात एक ओळ एकट्याला दिली आहे. ती ओळ म्हणताना तो डोळे घट्ट मिटून घेतो.

आता सांगायचं ते सांगते. बसून वाच.

मला खोकला होता, ते तुला ठाऊक आहे. शाळेच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. घशावर ताण पडतो, असं ते म्हणाले आणि मलाही ते पटलं. गाण्याच्या बाईंचा घसा बसणार नाही तर कुणाचा? गेल्या मंगळवारी तालमीत खोकल्याची उबळ आली आणि रुमाल काढला, तर त्यावर लाल. मुठीत दाबून टाकला आणि पोरांना पाणी प्यायला सोडलं. संध्याकाळी छातीच्या डॉक्टरांकडे गेले. फोटो काढला, थुंकी तपासली. तेच निघालं, ताई. आईला होतं तेच.

आता यावर औषध आहे, सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस खडखडीत बरा होतो, असं डॉक्टर तीनतीनदा म्हणाले. माझं मी सोसेन गं. पण पोरं! थंडी म्हणून तालमीच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्या. त्या बंद खोलीत चाळीस पोरं तोंडं उघडून माझ्यासमोर उभी आणि मी त्यांना ओरडून सांगते आहे, श्वास खोल घ्या, पोटापर्यंत घ्या, अजून घ्या. आणि तुझी भोंगा तर माझ्याच खोलीत झोपत होती.

तिला कालच मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी पाठवलं आहे. सगळ्या पोरांची तपासणी होणार आहे. उद्या पालकांची सभा आहे. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं होतं की शाळेत एक रुग्ण सापडला आहे एवढंच सांगू, नाव कशाला घ्यायचं. मी त्यांना म्हटलं की मी स्वतः सांगेन, मैदानात लांब उभी राहून. म्हणताना फार ताठ होते. घरी येताना मात्र दोनदा कठडा धरून उभं राहावं लागलं.

लोभ आहेच. हे पत्र वाचून संपल्यावरही तो राहावा, एवढंच मागते.

तुझी
धाकटी


१० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर मी कापड बेतायला बसले आणि गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी कापली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तुझ्यावर रागावू की तुझ्यासाठी रडू, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही चालू आहे. यांचं म्हणणं की धाकटीचा यात काय दोष. मला दोष कळत नाही. मला एवढंच कळतं की माझी पोरगी त्या खोलीत झोपत होती.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांची. तुला तिचा चेहराही नीट आठवत नाही, असं तूच म्हणतेस. मला सगळं आठवतं. मी भोंगाएवढी होते. मला खोलीच्या आत जाऊ देत नव्हते. भिंतीपलीकडून खोकला यायचा. तो थांबला की बरं वाटायचं आणि मग फार वेळ थांबला की त्याहून भीती वाटायची. एक दिवस तो थांबला तो थांबलाच. औषधं निघाली आहेत म्हणतेस. निघाली असतील. माझ्या कानांना ते कोण सांगणार?

रविवारी हे तिकडे येतील आणि भोंगाला घेऊन येतील. तिची शाळा बुडाली तरी चालेल, गाणं बुडालं तर त्याहून चालेल. तू यात मध्ये पडू नकोस. मी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही.

दूध घेत जा. अंडी घेत जा. तू स्वतःसाठी काही शिजवत नाहीस हे मला माहीत आहे. गोळ्या चुकवू नकोस.

राग निवळला की सावकाश लिहीन. मायेला काही झालेलं नाही.

तुझी
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी येऊन गेले, ते त्यांनी सांगितलंच असेल. काय काय सांगितलं कोण जाणे, म्हणून मी सगळं लिहिते. भोंगाने त्यांना पाहिलं आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. भाऊजी बाहेरून गोड बोलले, रागावले, मग दाराला पाठ लावून खालीच बसले. मुख्याध्यापिकाबाईंना अंघोळ करून बाहेर जायचं होतं. शेवटी त्यांनी पंचा खांद्यावर टाकूनच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर भाऊजींना म्हणाले की तपासणी अर्धवट असताना पोरीला गावोगाव हलवू नका, इथे निदान नजरेखाली आहे. भाऊजी माझ्या फाटकाशी आले, बाहेरूनच मला पाहिलं आणि म्हणाले की वाळलीस. मग डोळे पुसत स्टँडवर गेले. बिचारे एकटेच परत आले म्हणून त्यांना बोल लावू नकोस.

सभेचं सांगते. मैदानात सगळे उभे होते. मी नळाजवळ, त्यांच्यापासून लांब. मला जे झालं आहे ते मी सांगितलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एकेक माणूस मागे सरकायला लागला, माझ्यापासून अजून लांब. एका गृहस्थांनी विचारलं की ही बाई नोकरीवर राहणार आहे का. एकीने विचारलं की माझ्या मुलीच्या वहीवर तुम्ही सही करायचात, ती वही जाळायची का. वाटाण्याची आई अगदी पुढे होती. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला सगळ्यात जास्त भीती तिची वाटली.

कारण तोवर मला माहीत नव्हतं, ताई, पण तिला माहीत होतं. वाटाण्याला ताप येत होता. मानेत गाठ आली आहे. त्याला मोठ्या रुग्णालयात ठेवलं आहे. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं की माझ्यामुळे का. ते म्हणाले की त्याच्या घरी आजोबाही वर्षभर खोकताहेत, कुणाकडून कुणाला हे आता सांगता यायचं नाही. त्यांना वाटलं, हे ऐकून मला हलकं वाटेल. मला रोज डोळे मिटून ओळ म्हणणारा तो दिसतो.

आता तुझ्या लेकीचं. हातावर टोचून बघतात, ते तिचं फुगलं. थांब, पूर्ण वाच. फुगलं म्हणजे जंतू शरीरात शिरले आहेत, आजार झाला असं नाही. छातीचा फोटो काढला. तो येईपर्यंतचे दोन दिवस कसे काढले ते विचारू नकोस. फोटो स्वच्छ आहे. मी स्वतः तो उजेडासमोर धरून पाहिला. तिच्या फासळ्या इतक्या बारीक दिसतात गं. आजार होऊ नये म्हणून तिला काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील. आणखी पाच पोरांचं असंच आहे.

मी घरात एकटी असते. खोकला आला की उशीत तोंड खुपसते, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ते ऐकतातच. कालपासून त्यांनी आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली आहे.

तुझं पत्र आलं नाही. रागाचं आलं तरी चालेल.

आशेने वाट बघणारी,
तुझी
धाकटी


३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. (मुख्याध्यापिकाबाई म्हणतात की पूर्ण लिही: शिरसाष्टांग नमस्कार.)

मी बरी आहे. रोज गोळी घेते. गोळीने लघवी लाल होते. मी पहिल्या दिवशी इतकी ओरडले की बाई चष्मा न लावताच धावत आल्या आणि दारावर आपटल्या. मग त्यांनी समजावलं की ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं आहे, पण त्या रागावल्या नाहीत.

आई, तू मावशीला पत्र का लिहीत नाहीस? मी रोज शाळेतून येताना तिच्या फाटकाशी थांबते. ती ओट्यावर येते आणि लांबून बोलते. पहिलं हेच विचारते की ताईचं पत्र आलं का. मी एकदा खोटंच सांगितलं की हो, मला आलं आणि तू तिची चौकशी केलीस. ती एवढी हसली की मला रडूच आलं.

तालीम पियानोवाले आजोबा घेत होते. ते झोपले की आम्हीही थांबायचो. मग मावशीने डॉक्टरांना विचारलं आणि ती तालमीच्या खोलीबाहेर अंगणात येऊन उभी राहायला लागली. खिडकीची काच बंद. आम्ही आत, ती बाहेर, आणि ती तिथून हातवारे करते. तिला आमचं गाणं नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती एकीकडे जाते आणि आम्ही दुसरीकडे. परवा तर आमचं गाणं संपलं तरी ती करतच होती. आम्हाला आधी हसू आलं. मग कुणीच हसलं नाही. तिचा स्वेटर खांद्यावर किती मोठा झाला आहे.

आता बातमी चांगली आहे. तिची थुंकी परत तपासली, दोनदा, आणि त्यात काहीच नाही. डॉक्टरांनी शाळेला कागद दिला की ती आता लोकांत जाऊ शकते, कुणाला धोका नाही. पण बरीच मुलं येतच नाहीत. माझ्या शेजारची म्हणाली की तिचे बाबा म्हणतात, कागद काय कुणीही लिहून देतो.

आई, मला एक विचारायचं आहे, बाईंना दाखवणार नाही. आजी यानेच गेली ना? मग मावशी जाणार का? आणि माझ्या आत जे आहे ते झोपलेलं आहे असं डॉक्टरकाका म्हणाले. मी जोरात गायले तर ते उठेल का? म्हणून मी हल्ली हळू गाते. मावशीला वाटतं, मी शहाणी झाले.

बाबांना नमस्कार. न्हाणीघराचं मनावर घेऊ नका म्हणावं.

तुझी (अजून लाडकी आहे ना?)
भोंगा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्या मेहुणीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे. डेपोत गाडीखाली झोपून काम करणाऱ्याला पाना धरता येतो, लेखणी नाही. तरी लिहितो, कारण तुला आधी कळलेलं बरं.

भोंगाचं पत्र आल्यापासून तुझ्या बहिणीने घरात बोलणं टाकलं आहे. पत्रात काय होतं ते मला दाखवलं नाही. तिने पोरीचे इथे राहिलेले सगळे कपडे पुन्हा धुतले, वाळवले, घड्या घातल्या. काल कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. ती रिकामीच घेऊन ती कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या गाडीने निघणार आहे. पोरीला घेऊनच परत येईन, असं म्हणते. मी म्हटलं, मी येतो. तर म्हणाली की तुम्ही न्हाणीघरापाशी बसायला कशाला येता.

ती तुला भेटेल की नाही, सांगता येत नाही. भेटली तर काय बोलेल, तेही नाही. लोकांसमोर तमाशा होऊ नये असं मला वाटतं. पण एक सांगतो. ती मशीनवर बसली असताना बाहेर रस्त्यात कुणी खोकलं तरी तिचा पाय पायडलवर थांबतो. ती रागावलेली नाही, घाबरली आहे. तिला आवरणं मला जमलं नाही. तू सांभाळून घे.

प्रकृतीला जप. लोभात खंड नको.

तुझे
भाऊजी


१७ फेब्रुवारी

अहो,
सा. न. वि. वि.

काल पोचले. पत्र वाचून लगेच काळजी करत बसू नका, सगळं नीट सांगते.

मी सरळ सभागृहातच गेले. धाकटीच्या घरी जायचा धीर झाला नाही. मनाशी ठरवलं होतं की कार्यक्रम संपला की भोंगाला दारातच गाठायची आणि शेवटची गाडी पकडायची. म्हणून अगदी मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसले, बॅग पायाशी.

तुम्ही ते सभागृह पाहायला हवं होतं. पुढच्या चार ओळी साफ रिकाम्या. लोक आले होते, पण सगळे मागे, भिंतीला लागून, एकमेकांना चिकटून. दारं-खिडक्या सताड उघड्या, गार वारा येत होता. माझ्या शेजारी एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून बसले होते. मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि मग लक्षात आलं की पदर माझ्याही नाकाशी आहे.

पोरं आली. निम्मीच होती. तीन पायऱ्यांवर उभी राहायची, त्यात मध्ये मध्ये जागा सुटलेल्या, दुधाचे दात पडल्यासारख्या. भोंगा वरच्या पायरीवर. मग धाकटी आली. मी तिला तीन महिन्यांनी पाहत होते. पाठमोरीच दिसली, पण आईची पाठ होती ती, अहो.

तिने हात वर केले आणि ते तसेच वर राहिले. पोरं तिच्या हातांकडे बघून थांबलेली. किती तरी वेळ सुरुवातच होईना. मग पियानोवाल्या म्हाताऱ्याने आपणहूनच वाजवायला घेतलं आणि ती त्याच्या मागे गेली. पहिलं गाणं पार पडलं. दुसरं बरं झालं. तिसरं त्या गोगलगायीचं. त्यात एका लहान मुलाची ओळ होती म्हणे. तिथे धाकटीने पोरांना हाताने थांबवलं आणि तेवढी जागा मोकळी सोडली. कुणी गायलं नाही. माझ्या पुढच्या ओळीत कडेला एक बाई बसली होती. तिने मान खाली घातली. तीच त्या मुलाची आई, हे मला नंतर कळलं.

आणि त्याच शांततेत धाकटी खोकली.

एकदाच. कोरडा, साधा खोकला. पण पहिल्या पायरीवरची एक मुलगी मागे सरकली. इकडे एक माणूस उठला आणि मोठ्याने पोरीचं नाव घेऊन तिला खाली ये म्हणाला. मग दुसरा उठला. खुर्च्या वाजायला लागल्या. धाकटीने हात खाली घेतले आणि वळून लोकांकडे तोंड केलं. मैदानात ती नळापाशी अशीच उभी राहिली असणार. तिला पुन्हा उबळ येत होती आणि ती ओठ दाबून ती गिळत होती. तिचे डोळे भरले होते, तोंड लाल झालं होतं.

मी उठले, ते भोंगाला ओढून न्यायलाच उठले. खोटं कशाला सांगू? बॅग हातात घेतली होती. पण त्या मधल्या वाटेने चालताना माझं लक्ष पोरीकडे गेलंच नाही. मला वाटलं, ही आता गुदमरेल आणि इतक्या माणसांत एकजण पाणी द्यायला जागचा हलणार नाही. रंगमंचाच्या कडेला टेबलावर तांब्या होता. मी बॅग खाली ठेवली, पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिने मला तेव्हाच पाहिलं. पाणी प्यायची सोडून माझ्याकडेच बघायला लागली. तेव्हा मी तिला दटावलं की आधी पी. लहानपणी दटावायचे तशीच दटावली, सगळ्यांना ऐकू गेलं.

ती अर्धा पेला प्यायली. उरलेला मी तिच्या हातातून घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिचं उष्टं पाणी पिऊन टाकलं. पाण्याने काही होत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मला ते तेव्हा आठवलं नव्हतं. घोट घशाखाली उतरताना मी इतकी घाबरले होते की पेला दातांवर वाजत होता. पण धाकटीने नजर उचलली होती आणि आता थांबणं शक्य नव्हतं.

मग मी पहिल्या ओळीत मधोमध जाऊन बसले. एकटीच. मागे वळून पाहायची माझी छाती नव्हती. दोन पोरांना त्यांचे आईबाप घेऊन गेले, ते पावलांच्या आवाजावरून कळलं. बाकीची राहिली. धाकटीने पुन्हा हात वर केले. या वेळी ती थांबली नाही. आणि आपल्या भोंगाने तोंड उघडलं. अहो, ती खालच्या आवाजात वगैरे काही नव्हती. छत उडवायचं बाकी ठेवलं होतं. हळू गायचं तिने कशासाठी ठरवलं होतं ते मला ठाऊक होतं. मी तोंडावर हात दाबून बसले होते. जोरात गाण्याने काही उठत नाही, हे मला तिला कळवायचं होतं आणि मी त्या पत्राचं उत्तरच दिलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलाची आई धाकटीजवळ आली, हातभर अंतर राखून. म्हणाली की ताप उतरला आहे. तेवढंच बोलून निघून गेली. धाकटी तिथेच पायरीवर बसली ती उठेचना.

रात्रीची गाडी सोडली. आज सकाळी भोंगा दात घासताना खोकली. मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले, धाकटी खोलीतून धावत आली आणि दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या. पोरगी फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणाली की चूळ घशात गेली, एवढं काय. आम्ही तिघी हसलो. पण नंतर मी दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. हे असंच चालणार, असं दिसतं. डॉक्टरांना भेटले. माझीही तपासणी उद्या आहे.

धाकटीच्या गोळ्या संपेपर्यंत मी इथेच राहते. तिला वेळेवर गिळायला आणि जेवायला कुणीतरी दटावणारं हवं. शिवणाचं मशीन डेपोच्या ओळखीने मालाच्या गाडीतून पाठवा. तेलाची बाटली वेगळी बांधा, नाही तर कापडावर सांडेल. बॅग रिकामीच आहे, तेव्हा माझे चार कपडेही त्याच गाडीने येऊ द्या. डबा लावून घ्या आणि उपाशी राहून मला बोल आणू नका. सुट्टी मिळाली की या. दाराबाहेर थांबायचं नाही, सरळ आत यायचं.

आमच्या तिघींचा लोभ तुमच्या एकट्याला पुरवायचा आहे, तो पोचता समजावा.

तुमची
मी